सदोबाचा ओटा

करंजपूरच्या जुन्या बाजारपेठा पायी हिंडून बघायच्या तर आधी नाकाची तयारी लागते. फुलबाजाराच्या कौलांखालून निघावे, धान्यबाजाराच्या उंच दगडी कमानींतून पलीकडे जावे, मिरचीगल्लीत खोकून खोकून डोळे पुसावेत, आणि मग नदीच्या अंगाला जी काळ्या दगडाची लांबोडकी इमारत लागते तो तूपबाजार. छताला लाकडी जाळ्या आहेत, दोन्ही टोकांना मोठाली दारे आहेत, वारा आरपार जातो. तरीही आत पाऊल टाकताच वास अंगावर येतो. तुपाचा, करडईच्या तेलाचा, काकवीचा, ओल्या गोणपाटाचा. आणि या सगळ्यांच्या तळाशी बसलेला एक खवट, घशाला चिकटणारा वास. दर उन्हाळ्यात इमारत चुन्याने धुऊन काढतात. तो वास जात नाही.

इमारतीच्या बरोबर मध्यभागी एक ओटा आहे. कमरेइतका उंच, वरून गुळगुळीत, भोवती खोल पन्हळ कोरलेली. ही पन्हळ फरशीतून वाहत नदीकडच्या भिंतीत जाते. या बाजारात वीतभर जागेवरून सख्खे भाऊ भांडतात, पण ओट्यावर कोणी रिकामी पाटीसुद्धा टेकवत नाही. आणि दुसरी एक चाल आहे. गिऱ्हाइकाने नुसते "आधी तुम्ही" म्हटले, की दुकानदाराने आपल्या मालातला घास आधी स्वतः, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खायचा. गिऱ्हाईक कोण आहे ते बघायचे नाही. भिकाऱ्याने म्हटले तरी खायचा.

नाना खिरे पाहुण्यांना घेऊन या बाजारांतून हिंडतात, तेव्हा इथे आले की थांबतात. जन्मभर त्यांनी गुळाचा व्यापार केला, आता गुडघे दुखतात म्हणून काठी घेतात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर पाचसहा जण होते. त्यांतल्या शर्वाणी नावाच्या मुलीने दारातच ओढणीचा पदर नाकाला लावला आणि मग ओशाळून खाली घेतला.

"धरा हो, खुशाल धरा," नाना म्हणाले. "नाकाला वास येतोय, जिभेला चव कळतेय, हे भाग्य समजा. ज्याला दोन्ही नव्हतं त्याची हकिकत आहे ही."

आणि काठी ओट्याला न टेकवता, हातातच धरून, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा या इमारती नव्हत्या, बाजार नदीकाठी उघड्यावर भरे. ओटा मात्र होता, आणि त्यावर राजाचा चाखणदार बसे. गावात येणारे तूप, तेल, गूळ, दही, खवा, जे जे माणसाच्या पोटात जायचे ते आधी चाखणदाराच्या जिभेवर जायचे. व्यापाऱ्याने पळसाच्या पानावर माल आणायचा, चाखणदाराने बोटावर घ्यायचा, चाखायचा, पाण्याने चूळ भरायची. माल चांगला असला तर तो शेंदरात बोट बुडवून मडक्यावर एक टिळा ओढे. टिळा नसलेले मडके करंजपुरात कोणी विकत घेत नसे.

हा मान सदोबाच्या घराण्यात चालत आला होता. सदोबाची जीभ म्हणजे नवल होते म्हणे. तूप कोणत्या रानात चरलेल्या म्हशीचे ते तो सांगे. गुळाच्या चुलवणात कोणते लाकूड जळले तेही सांगे. आपल्या जिभेचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. तिखट खात नसे, विडा खात नसे, उन्हाळ्यात लोक कैरी खात तेव्हा हा लांबूनच बघे. सकाळी स्वच्छ धोतर नेसून, पागोटे बांधून तो ओट्यावर चढला, की दंगा करणारे हमालसुद्धा आवाज खाली आणत.

एका वर्षी सदोबाला विषमज्वर झाला. जगतो की मरतो असे झाले. त्याच्या बायकोने, येसूने, रात्रंदिवस उशाशी बसून त्याला वाचवला. ताप उतरला, सदोबा उठून बसला, आणि येसूने त्याच्यापुढे मऊ भात ठेवला.

"मीठ घालायला विसरलीस," सदोबा म्हणाला.

येसूने मीठ वाढले. त्याने घास घेतला, पुन्हा मीठ मागितले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा तिने त्याच्या ताटातली चार शिते स्वतःच्या तोंडात टाकली आणि तशीच थुंकली.

"अहो, खारट जहर झालाय भात. जिभेला लागेना का तुमच्या?"

सदोबा परसात गेला, कडुनिंबाची पाने ओरबाडून मूठभर चावली. काही नाही. लसूण चावली. काही नाही. गोठ्यात जाऊन शेणाच्या ढिगावर वाकला आणि छाती भरून श्वास घेतला. नुसता वारा आत आला. तापाने त्याची जीभ आणि नाक दोन्ही नेली होती.

"दरबारात जाऊन सांगा," येसू म्हणाली. "तुम्ही काही चोरी नाही केली. दुखण्यानं झालंय."

"सांगतो."

"कधी?"

"येईल परत. ताप गेला तशी चवही येईल. तोवर उगीच बोभाटा कशाला?"

पण ती आली नाही, आणि सदोबा पुन्हा ओट्यावर चढला. सुरुवातीला तो घाबरत घाबरत चाखी. डोळ्यांनी रंग बघे, बोटांत घोळवून चिकटपणा बघे, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघे. चांगल्या माणसाचा माल पटकन पास करी, लबाड वाटला त्याचा परत पाठवी. काही दिवस निभावले. लोकांना शंका आली नाही. सदोबाला वाटले, जिभेशिवायही चालते की.

हरबाशेट नावाचा तुपाचा मोठा व्यापारी होता. बाजारात त्याची मडकी सगळ्यांत जास्त. एके दिवशी त्याच्या नोकराने चुकून भलतेच मडके ओट्यापुढे आणले. पावसाळ्यात झाकण उघडे राहून त्यात उंदीर पडला होता, पडून फुगला होता, आणि ते तूप दिव्यात जाळायला म्हणून बाजूला ठेवले होते. हरबाशेटच्या लक्षात आले तोवर सदोबाचे बोट तुपात बुडाले होते. हरबाशेटला दरदरून घाम फुटला. आता हा ओरडणार, पागोटे उडवणार, आपली पेढी बंद होणार!

सदोबाने बोट तोंडात घातले. चोखले. मान डोलावली.

"छान कढलंय," तो म्हणाला, आणि शेंदराचा टिळा ओढला.

हरबाशेटच्या नाकात तो वास भरला होता. त्याला ओकारी आली, ती त्याने उपरण्यात दाबली आणि मान दुसरीकडे वळवली. सदोबाने ते पाहिले. म्हणतात, सगळे पाप त्या एका क्षणात आहे. तूप कसले आहे हे त्याला कळले नाही, पण शेटने तोंड का फिरवले हे त्याला कळले. कळले, आणि त्याने पुढचे मडके मागितले.

हरबाशेटने हे कोणाला सांगितले नाही. सांगायची गरजच पडली नाही. त्याच्या पेढीवरून कसला माल टिळा लावून जातो हे शेजारच्याने पाहिले, त्याचे बघून पलीकडच्याने पाहिले. महिना गेला नाही तोवर अख्ख्या बाजाराला ठाऊक झाले, आणि कोणी कोणाशी एक अक्षर बोलले नाही. उलट सदोबाचा मान वाढला. सणाला शेला आला, घरी नारळ आले, येता-जाता लवून रामराम होऊ लागले.

आणि मग करंजपुरात घाण उतरली. तुपात चरबी आली. तेलात तळाचा काळा गाळ ढवळून मिसळला जाऊ लागला. गुळाच्या ढेपेत मुंगळ्यांचे लगदे निघत. खव्यावर हिरवा केसाळ बुरा चढलेला असे, तो खरवडायचा, वरून साखर भुरभुरवायची, की झाले. दह्याच्या गाडग्याच्या कडेला अळ्या वळवळत, दहीवाली त्या करंगळीने निपटून टाकी आणि बोट लुगड्याला पुसून गाडगे पुढे सरकवी. माशा एवढ्या झाल्या की बोलायला तोंड उघडले तर आत जात. ओट्याची पन्हळ बुळबुळीत झाली होती. तिच्यात काहीतरी पांढरट साचून राही, आणि त्याला कुत्रीही तोंड लावीत नसत.

वास सगळ्यांनाच येत होता. पण मडक्यावर टिळा होता. सासवा सुनांना म्हणत, तुझ्याच हातात दोष आहे. आया ताटावरून उठणाऱ्या पोरांच्या पाठीत धपाटे घालीत, "सदोबाचं बोट लागलंय त्याला, गीळ मुकाट्यानं!" आणि पोरे नाक दाबून गिळत. घरोघरी उलट्या, जुलाब. वैद्य म्हणाले हवा बिघडली आहे. लोकांनी हवेला दोष दिला, पाण्याला दिला, ग्रहांना दिला. शेंदराच्या टिळ्याला कोणी दिला नाही.

घरी येसू त्याच्याजवळ बसेनाशी झाली होती. "तुमच्या तोंडाला वास येतो," ती म्हणे. "काय खाता तुम्ही तिथे बसून? धुतलेलं धोतरसुद्धा परत धुते मी. वास निघत नाही."

"सवय होईल," सदोबा म्हणे.

कोष्टीआळीत गिरजा नावाची बाई राहत होती. विधवा, एकुलता एक मुलगा, त्याची बायको पहिलटकरीण. सून बाळंत झाली, मुलगी झाली. गिरजाने लुगडी विणून पैसा जमवला होता, त्यातून तिने बाजारातले उत्तम म्हणून टिळ्याचे तूप आणले आणि सुनेसाठी डिंकाचे लाडू वळले. वळताना तिला मळमळले. पण आपल्याला गरिबांना कुठले असले तूप ठाऊक, भारी तुपाला असाच वास असेल, असे तिने मनाला समजावले. सुनेने पहिला लाडू अर्धा खाल्ला आणि बाकीचा ठेवला. गिरजा तिला म्हणाली, "अगं, दूध कसं उतरेल? खा." ती पोर शहाणी होती. सासूचे मन मोडू नये म्हणून रोज एक लाडू खात राहिली. शेवटी शेवटी नुसते हिरवे पाणी ओकत होती. मेली तेव्हा तिच्या तोंडातून जो वास येत होता, तो गिरजाने ओळखला. डब्यातला आणि तो, वास एकच होता.

दिवसकार्य झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार पुरा भरलेला असताना, गिरजा ओट्यापुढे येऊन उभी राहिली. नात तिने पाठीशी बांधली होती. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. तिने फडके सोडले, झाकण काढले, आणि ओट्यावर ठेवले.

लाडू मऊ पडून एकमेकांना चिकटले होते. वर पिवळट तेल सुटले होते, आणि त्यात काहीतरी हलत होते. डबा उघडताच जवळचे हमाल मागे सरकले. एका बाईने पदर तोंडात कोंबला. पलीकडे बांधलेल्या बैलाने फुरफुरून मान फिरवली.

"काय आहे, बाई?" सदोबाने विचारले.

"लाडू आहेत. तुमच्या टिळ्याच्या तुपाचे. माझ्या सुनेसाठी केले होते." गिरजाचा आवाज चढला नाही. "तुम्ही चाखणदार ना? खाऊन सांगा कसे झालेत ते. तिनं खाल्ले. आता आधी तुम्ही खा, मग मी खाते."

सदोबाला वाटले, बाई काही नवस फेडायला आली आहे. लोक असे करीत. त्याने डब्यात न बघताच एक लाडू उचलला. बोटांना तो थंड आणि चिकट लागला, एवढेच. त्याने तोंडात घातला आणि नेहमीच्या सवयीने, सावकाश, डोळे अर्धे मिटून चावू लागला. जिभेवर ओली माती घोळवल्यासारखे वाटले. त्याने गिळला, बोटे चाटली आणि जे तो रोज म्हणे तेच म्हणाला.

"छान झालाय."

मग त्याने डोळे उघडले.

समोर माणसे उभी होती आणि त्यांची तोंडे बघण्यासारखी नव्हती. एक जण वाकून ओकत होता. एक म्हातारा दोन्ही हातांनी पोट धरून जमिनीकडे बघत होता. हरबाशेट आपल्या पेढीच्या खांबाआड गेला होता, फक्त त्याचे उपरणे दिसत होते. सदोबाने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. लाडवाच्या तुकड्याबरोबर एक अळी बोटावर चिकटून राहिली होती. दुसऱ्या बोटावर तिचा अर्धा भाग होता.

गिरजा त्याच्याकडे टक लावून बघत होती. ती भांडायला आली होती. सोबत शिव्या घेऊन आली होती, असे ती पुढे सांगे. पण आता तिच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता. एखाद्याच्या फुटलेल्या गळवाकडे बघावे तशी ती बघत होती.

"अरे," ती म्हणाली, "तुला कळतच नाही!"

तिने लाडू खाल्ला नाही. डबा तिथेच सोडला आणि मागे वळली. गर्दी तिला वाट देताना अंग चोरत होती. त्या सगळ्यांनी तेच तूप खाल्ले होते आणि मुलांना चारले होते.

सदोबा घरी गेला. येसू दारात उभी होती. बातमी आधीच पोचली होती. त्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आत येऊ नका. चुकून म्हणा, आजार म्हणा, मी तुमची बाजूच घेतली असती. पण तुम्हाला ठाऊक होतं."

"चव नव्हती गं मला."

"डोळे होते."

तो तसाच मागे फिरला. बाजाराच्या तोंडाशी भैरवाचे ठाणे होते. तिन्हीसांजेला पुजारी दिवा लावत असताना सदोबा तिथे गेला, पागोटे काढून देवापुढे ठेवले आणि म्हणाला, "ज्या ज्या मडक्यावर माझं बोट आहे, त्या प्रत्येकातला घास मी खाईन. एकही सोडणार नाही. त्याआधी माझ्या तोंडात दुसरं अन्न जाणार नाही." पुजाऱ्याने हे ऐकले, म्हणून ते आपल्याला ठाऊक, असे सांगतात.

सकाळी तो ओट्यावर चढला तो बोडक्या डोक्याने. व्यापाऱ्यांना म्हणाला, "टिळ्याची मडकी आणा."

कोणी हलेना. तेव्हा लोकच पेढ्यांत शिरले. टिळ्याची मडकी, गाडगी, ढेपा, बुधले, जे मिळेल ते आणून ओट्याभोवती मांडले. झाकणे उघडली तसा वास उठला. काही जण तिथूनच पळाले, पण बहुतेक जण नाकाला पदर, पंचे, हातात सापडेल ते लावून उभे राहिले. त्यांना बघायचे होते.

सदोबाने दह्याने सुरुवात केली. दही तारेसारखे ओढले जात होते. त्याने बोटे भरून खाल्ले. मग गूळ. मग खवा, हिरव्या बुरशीसकट. चेहरा कोरा. शिळी भाकर खावी तसा खात होता. मग त्याने हरबाशेटचे तूप ओढून घेतले, बोटे आत घातली आणि मोठा गोळा तोंडात टाकला.

आणि तिथे ते घडले, असे म्हणतात. आधी त्याच्या जबड्याच्या मुळाशी कळ आली. मग जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. आणि मग चव आली. नुसत्या त्या घासाची नव्हे. त्या ओट्यावर बसून मुकाट्याने गिळलेल्या प्रत्येक घासाची चव एकदम, एकावर एक, तोंडात उघडली. फुगलेला उंदीर, चरबी, अळ्या, काळा गाळ, आणि गिरजाचा तो लाडू. नाकही त्याच क्षणी उघडले. आपल्याच अंगाचा वास त्याला पहिल्यांदा आला. तो पुढे वाकला आणि पन्हळीत त्याने जे ओकले त्याने पन्हळ भरली म्हणे.

लोकांना वाटले, संपले. सदोबाने तोंड पुसले आणि तेलाचा बुधला पुढे ओढला.

"थांबा!" कोणीतरी ओरडले. "मराल, चाखणदार. पुरे झालं!"

"तुम्ही खात होता तेव्हा थांबा म्हणायचं काम माझं होतं," सदोबा म्हणाला. "मी म्हटलं नाही."

तो खात राहिला. आता त्याला सगळे कळत होते. घास तोंडाशी नेताना डोळ्यांतून पाणी वाहे, उतरेना तो घास तो बोटाने आत ढकली. ओके, पुन्हा खाई. बघणाऱ्यांना बघवेना आणि तिथून पायही निघेना. सूर्य डोक्यावर आला. माशांनी तो माणूस काळा दिसू लागला.

शेवटी एकच मडके उरले. तेही हरबाशेटचे. सदोबाने त्यातले तूप खाल्ले, मग पळसाच्या पानावर तेवढेच काढले आणि पान पुढे केले.

"हरबाशेट, आधी मी खाल्लं. आता तुम्ही."

लोकांनी वाट केली. हरबाशेटला खांबाआडून पुढे यावे लागले. तो हात जोडून म्हणाला, "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"वास येतो?"

"येतो."

"तेव्हाही आला होता. तुम्ही तोंड फिरवलंत, मी पाहिलं. दोघांनाही ठाऊक होतं." पान धरलेला सदोबाचा हात खाली आला नाही. "आपल्या तोंडात घालवत नाही ते लोकांच्या ताटात कोणत्या हातानं वाढलंत? त्याच हातानं घ्या."

हरबाशेटने पान घेतले. ओठाला लावले मात्र, आणि तो सगळ्या बाजारासमोर गुडघ्यावर बसून पन्हळीत ओकू लागला. त्याच्यामागून लोकांनी एकेका व्यापाऱ्याला पुढे आणले. कोणी गिळले, कोणी ओकले, कोणी रडले. ज्यांना तोंडाशीही नेता आले नाही त्यांनी आपली मडकी आपल्या हाताने फोडली. दिवस मावळेपर्यंत त्या पन्हळीतून नदीत घाण वाहत होती, आणि खालच्या डोहात मासे उलटे होऊन वर आले, असे सांगतात.

गर्दी पांगली तेव्हा गिरजा तिथे आली. नातीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी. सदोबाने तिला पाहून मान खाली घातली. ती त्याला माफ केले म्हणाली, असे कोणी सांगत नाही. तिने कळशी वाकडी केली, त्याने ओंजळ धरली आणि चूळ भरली. कळशी रिकामी होईपर्यंत तो चुळा भरत होता.

"मग तो मेला?" शर्वाणीने विचारले. तिने ओढणी पुन्हा नाकाला लावली होती, आणि या वेळी ओशाळली नव्हती.

"कोणी म्हणतात, त्याच रात्री गेला," नाना म्हणाले. "माझे आजोबा वेगळं सांगायचे. ते म्हणायचे, जगला. पुष्कळ वर्षं जगला. बायकोनं घरात घेतलं, चुलीवरची ताजी भाकरी पुढे ठेवली. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि त्यालाही तीच चव. पुढे जे खाईल त्याला तीच. दूध म्हणू नका, आंबा म्हणू नका. मरेपर्यंत. राजानं दुसरा चाखणदार नेमायला काढला, तर लोकच म्हणाले, नको. दुसऱ्याच्या जिभेवर आता आम्ही खाणार नाही. ज्याचा माल त्यानं खाऊन दाखवावा. तेव्हापासून ही चाल."

पाहुण्यांतल्या एकाने घड्याळ बघितले, दुसऱ्याला चहा हवा होता, आणि सगळे नदीकडच्या दाराकडे निघाले. दाराजवळ एक तुपाचे दुकान होते. बनियन घातलेला स्थूल, हसतमुख माणूस गल्ल्यावर बसला होता, आणि पुढे मोठा पितळी डबा. "घ्या ताई, घरगुती आहे, रवाळ," त्याने साद घातली. शर्वाणीला आईसाठी तूप न्यायचे होते. ती थांबली, नानांकडे बघून जरा हसली आणि म्हणाली,

"आधी तुम्ही."

दुकानदारही हसला. "अहो ताई, त्यात काय!" त्याने चमचा घेतला, डब्यात खोल घातला, भरून वर काढला. चमचा ओठांपर्यंत नेला. तिथे तो थांबला. त्याच्या नाकपुड्या किंचित हलल्या. हसू होते तिथेच राहिले, पण ते आता त्याचे वाटेना. क्षणभर त्याने समोरच्या माणसांकडे पाहिले. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

त्याने चमचा खाली घेतला. डब्यावर झाकण लावले, दोन्ही हातांनी दाबून बसवले, आणि डबा गल्ल्यावरून उचलून पायाशी ठेवला.

"हे नका नेऊ, ताई," तो शर्वाणीकडे न बघता म्हणाला. "पलीकडे विचारा."

आजही करंजपुरात तूप घेताना कोणी डब्यात बघत नाही. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.